केस आले, बुरशी राहिली: सिंधुदुर्गातल्या एका गोठ्यात नायट्याच्या दोन उपायांची चाचणी

(गाव, मालक आणि संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

कुडाळ ते सावंतवाडी या पट्ट्यातला गोठा. पंधरा गाई, बहुतेक जर्सी संकरित, आणि सोळा वासरं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, गिलावा नाही, वर कौलं. दावणीचे खुंटे लाकडी. एप्रिल-मेमध्ये जनावरं दिवसभर मोकळ्यावर असतात. मृग लागला की ती आत येतात आणि पुढचे तीन-साडेतीन महिने पेंढा, ओल आणि अंधार यांत काढतात.

मे महिन्यात घाटावरच्या बाजारातून चार वासरं आणली होती. त्यांतल्या एकाच्या डोळ्याशेजारी रुपयाएवढा राखाडी चट्टा होता. “गोचिडीचा डाग” म्हणून तो सोडून दिला. वासरं वेगळी न बांधता थेट रांगेत बांधली. खरारा सगळ्यांना एकच. जूनच्या अखेरीला सोळापैकी चौदा वासरांवर चट्टे होते. डोळ्यांभोवती, कानांच्या मुळाशी, मानेवर गोल, जाड, पांढुरक्या राखाडी खपल्या होत्या आणि आतले केस तुटलेले होते. वासरं अंग घासत नव्हती, खात-पीत होती. गाईंवर काही नव्हतं. हे चित्र नायट्याला शोभणारंच आहे. बुरशीशी पहिल्यांदाच गाठ पडते ती दोन ते दहा महिन्यांच्या वासरांची. मोठ्या गाई बहुधा कधीतरी त्यातून गेलेल्या असतात आणि ती प्रतिकारशक्ती बराच काळ टिकते.

मालकाचं म्हणणं साधं होतं: “त्याल लावलंय, जातलो नायटो.” त्याल म्हणजे करंजेल, घरच्या झाडांच्या बियांचं, घाण्यावर काढलेलं. दूध संघाच्या बैठकीत मात्र कुणीतरी गंधकाच्या पाण्याचं नाव काढलं होतं. पशुवैद्यकाला विचारलेला प्रश्न असा होता: दोन्हीपैकी खरं काम कशाने होतं? करंजेलाने होत असेल तर दुसऱ्यावर पैसे कशाला घालवायचे?

प्रश्न रास्त होता आणि वासरंही पुरेशी वाटत होती, म्हणून चाचणी करायचं ठरलं. उपाय फक्त वासरांच्या कातडीवर होणार असल्याने दुधात औषध उतरण्याचा प्रश्न नव्हता. काय लावणार, किती दिवस, नमुने किती वेळा, हे सगळं एका कागदावर लिहून मालकाची सही घेतली.

अडचण: नायटा आपोआप जातो

वासरांचा नायटा काहीही न करता साधारण दोन ते चार महिन्यांत जातो. काही वासरांत जास्तही रेंगाळतो. शरीराची पेशींमार्फत चालणारी प्रतिकारशक्ती जागी झाली की खपली सुटते, खाली गुलाबी कातडी दिसते आणि केस उगवतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात जे लावाल ते “लागू पडतं”. करंजेल, टाकळ्याच्या पाल्याचा रस, राख, जळकं इंजिन ऑइल, महागडी मलमं, सगळ्यांची ख्याती याच उताराच्या बळावर उभी आहे. टाकळ्याचं संस्कृत नाव दद्रुघ्न, म्हणजे नायटा मारणारा, आणि त्याच्या पानांत बुरशीला रोखणारी द्रव्यं आहेतही. पण प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या बुरशीवर अर्क टाकणं वेगळं आणि केसाच्या मुळाशी, खपलीच्या आड बसलेल्या बुरशीपर्यंत पोचणं वेगळं.

म्हणून “बरं झालं का?” असं विचारून चालत नाही. विचारायचं ते असं: वासरू इतरांना लागण देणं किती लवकर थांबवतं? त्याचं उत्तर डोळ्याने मिळत नाही. केसांवरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहावी लागते.

निदान करताना झालेल्या चुका

पहिली चूक पशुवैद्यक येण्याआधीची. एका गड्याने एका पाड्याच्या मानेवर काजूच्या टरफलाचं तेल चोळलं होतं. ते तेल माणसाच्या हातालाही भाजतं. मानेवर तळहाताएवढी जखम झाली आणि ते वासरू चाचणीतून बाद झालं.

दुसरी चूक निळ्या-जांभळ्या दिव्याची. मालकाच्या मुलाने ऑनलाइन वूड्स लॅम्प मागवून सगळ्या वासरांवर फिरवला. काही चमकलं नाही, म्हणून “हा नायटाच नाही” असं ठरलं. हा दिवा उपयोगी पडतो तो मुख्यतः मांजर-कुत्र्यांवरच्या मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीला. तिची लागण झालेले केस हिरवट सफरचंदी रंगात चमकतात. गाईगुरांवरची ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम ही बुरशी चमकत नाही. उलट मलम, तेल, कोंडा यांमुळे निळसर-पांढरी झाक दिसून फसगत होते. गोठ्यातल्या मांजरीला मात्र हा दिवा लावून पाहणं योग्य होतं आणि तिच्यावर काही निघालं नाही.

तिसरी गोष्ट होता होता वाचली. चौदांपैकी एका कालवडीच्या खपल्या वेगळ्या होत्या. त्या पाठीवर, जिथे पाऊस गळत होता तिथेच, आणि ओढल्या की केसांचा झुपका ओल्या कुंचल्यासारखा हातात यायचा. खाली पिवळट ओल. खपली थोड्या पाण्यात भिजवून, काचपट्टीवर दाबून गिम्सा रंग दिला तर गोल जिवाणूंच्या रुळांसारख्या समांतर रांगा दिसल्या. तो डर्मॅटोफिलस कॉंगोलेन्सिस, बुरशी नव्हे तर जिवाणू. पावसाळी भागात हा आजार नायट्यात सर्रास खपून जातो. त्यावर गंधक किंवा करंजेल लावून हाती काही लागलं नसतं, आणि ती कालवड चाचणीत राहिली असती तर “औषध निकामी” म्हणून नोंदली गेली असती. तिला प्रतिजैविक दिलं. उरली बारा.

या बारांचे नमुने असे घेतले: चट्ट्याची कड सत्तर टक्के स्पिरिटने पुसायची, सुकू द्यायची, मग कडेचे तुटके केस चिमट्याने मुळासकट उपटायचे आणि बोथट पात्याने कडेचा कोंडा खरवडायचा. मधल्या भागातून घेतलं तर बहुतेक मेलेला माल मिळतो. बुरशी कडेला पुढे सरकत असते. नमुना कागदी पाकिटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, कारण आत घाम सुटतो आणि इतर बुरश्या नमुना खाऊन टाकतात. जुलैत कोकणात कागदी पाकीटही दोन तासांत मऊ पडतं. म्हणून पाकिटं झाकणाच्या बिस्किटांच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली.

तालुक्याच्या दवाखान्यात वीस टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात केस पंधरा-वीस मिनिटं ठेवून पाहिले. केसाच्या बाहेरून मोठ्या बीजाणूंच्या माळा दिसल्या. काचपट्टी दिव्यावर जरा कोमट केली तर केस लवकर स्वच्छ दिसतो. उकळू दिली तर स्फटिक धरतात आणि नमुना वाया जातो.

प्रयोगशाळेचा अहवाल मात्र दोन आठवड्यांनी आला: वाढ नाही. इथे सगळा बेत कोसळायची वेळ आली होती. चौकशी केल्यावर कळलं की बशा नेहमीप्रमाणे पंचवीस अंशांच्या आसपास ठेवल्या आणि चौदाव्या दिवशी टाकून दिल्या. मांजर-कुत्र्यांच्या बुरश्यांना ते पुरतं. ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम मंद वाढते, तिला ३७ अंश मानवतं आणि माध्यमात, म्हणजे बशीतल्या खाद्यात, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) लागतं. काही वाणांना इनॉसिटॉलही लागतं. दुसऱ्या खेपेला थायमिन घातलेलं माध्यम, इतर बुरश्या दाबायला सायक्लोहेक्झिमाइड, जिवाणूंसाठी क्लोरॅम्फेनिकॉल, तापमान ३७ अंश आणि मुदत चार आठवडे, असं लिहून दिलं. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या, उंचवट्याच्या, घट्ट चिकटलेल्या छोट्या वसाहती आल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतींच्या पेशींच्या साखळ्या दिसल्या.

बुरशी वाढली की रंग बदलणाऱ्या एकट्या डीटीएम माध्यमावर विसंबू नये, तेही यासाठीच. वाढीसोबतच लाल झालं तर संशय धरायचा. दहा-बारा दिवसांनी हिरव्या-काळ्या बुरशीखाली लाल झालं तर ते बहुधा हवेतून आलेल्या बुरशीचं काम.

निर्णयाची जागा अशी की हा निकाल येईपर्यंत थांबायचं का? थांबलं असतं तर ऑगस्ट उजाडला असता आणि वासरं आपोआप उताराला लागली असती. मग चाचणी कसली? थेंबातल्या बीजाणूंवर भरवसा ठेवून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात केली. निकाल मागाहून जुळला. तो निर्णय बरोबर होता.

पर्याय: काय तपासायचं, कसं तपासायचं

औषधांची निवड लवकर झाली. एनिलकोनॅझोलचं ०.२ टक्के पाणी काही देशांत गुरांना तीन-तीन दिवसांनी चार वेळा लावतात, पण इथे ते सहज मिळत नव्हतं. ग्रिसिओफुल्विन पोटातून देता येतं, मात्र अनेक देशांत दूध-मांसाच्या जनावरांना ते चालत नाही, गाभण जनावरात गर्भाला धोका असतो आणि सोळा वासरांना रोज गोळ्या भरवणार कोण? क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलची मलमं दोन-चार चट्ट्यांना ठीक. वासराच्या अंगावर पंचवीस चट्टे असतील तर नळीमागून नळी संपते, आणि न दिसणाऱ्या लागणीला मलम पोचतच नाही. चुना-गंधकाचं पाणी स्वस्त, अख्ख्या अंगावर लागतं आणि जुनं आहे. तेव्हा एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला करंजेल.

घोळ झाला तो आखणीत. तीन वाटा समोर होत्या.

पहिली, चार-चार वासरांचे तीन गट: करंजेल, गंधक, आणि तीन आठवडे काहीच नाही. शास्त्राला धरून हीच. पण चार-चारमध्ये एका गटात चारही बरी आणि दुसऱ्यात एकच, एवढा मोठा फरक निघाला तरी तो निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता सुमारे सातात एक उरते. शिवाय मालक “काहीच नाही” या गटाला राजी होईना. त्याची भीती खोटी नव्हती, कारण ती चार वासरं गोठ्यात बीजाणू सांडत राहिली असती.

दुसरी, एकाच वासराच्या डाव्या अंगाला करंजेल आणि उजव्याला गंधक. वय, खाणं, जात सगळं आपोआप सारखं होतं. कागदावर ही मोहक दिसते. पण वासरं एकमेकांना चाटतात, तेल ओघळतं, आणि एकदा का प्रतिकारशक्ती जागी झाली की दोन्ही बाजूंचे चट्टे एकदमच सुटतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतीच तुलना हाती लागली असती.

तिसरी, सहा-सहाचे दोन गट, बिनऔषधी गट नाही. हीच निवडली, मालकाच्या सोयीसाठी. तिची किंमत पुढे मोजावी लागली.

गट पाडताना मात्र काळजी घेतली. बारा वासरांचं वय आणि चट्ट्यांची संख्या लिहून सारख्याला सारखं अशा सहा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवलं. मालकाने हाताने निवडलं असतं तर लाडकी पाडी करंजेलाकडे आणि मरतुकडी गंधकाकडे गेली असती.

कोणत्या वासराला काय लावलंय हे मोजणाऱ्याला कळू नये, अशी इच्छा होती. ती पाचव्या मिनिटाला सोडली. एकाला सडक्या अंड्याचा वास, दुसऱ्याला करंजेलाचा. पांढरी वासरं गंधकाने पिवळी होतात. त्यामुळे फोटोवरूनही गट ओळखता येतो. निदान प्रयोगशाळेला तरी कळू नये म्हणून पाकिटांवर फक्त आकडे घातले आणि यादी दवाखान्यात बंद ठेवली.

मग बांधायचं कुठे? एकत्र बांधली तर एकाच्या अंगावरची बुरशी दुसऱ्याला, एकाच्या अंगावरचं तेल दुसऱ्याच्या तोंडात. वेगळी बांधली तर जागेचा फरक. वेगळी बांधली. गंधकाच्या गटाला पूर्वेची पडवी मिळाली, जिथे उघडीप पडली की सकाळचं ऊन येतं. करंजेलाचा गट जुन्या गोठ्यात, ओल्या चिऱ्यांशेजारी राहिला. हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

केलेली कामं

दोन्ही गटांत पहिलं काम सारखंच होतं. कोमट पाणी आणि साबणाने खपल्या भिजवायच्या, दहा मिनिटांनी मऊ ब्रशने अलगद काढायच्या, रक्त काढायचं नाही. निघालेली खपली जमिनीवर न टाकता पत्र्याच्या डब्यात गोळा करून जाळायची. खपलीत अडकलेले बीजाणू कोरड्या जागी वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. प्रत्येक वासराचे तीन चट्टे ठरवून पारदर्शक कागदावर त्यांची कड आखून ठेवली, दर आठवड्याला तोच कागद वर धरून फरक पाहायला.

करंजेल रोज एकदा, वासरामागे पंधरा ते वीस मिलिलिटर, चट्टा आणि भोवतीचं दोन बोटं अंतर.

गंधकाचं पाणी आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे, एकूण दहा वेळा. अंगाला लावायचं द्रावण दोन टक्क्यांचं. बाटलीवर बावीस टक्के कॅल्शियम पॉलिसल्फाइड असं लिहिलं असेल तर एका भागाला दहा भाग पाणी. दर वासराला दोन लिटर धरलं तर सहा वासरांना बारा लिटर, म्हणजे जवळपास अकराशे मिलिलिटर मूळ द्रावण आणि अकरा लिटर पाणी. बाटल्याबाटल्यांत टक्केवारी वेगळी असते. “झाकणभर बादलीला” असं माप धरलं की एकतर पाणीच लागतं नाहीतर कातडी सुकून फाटते. बादली प्लॅस्टिकची हवी. गळ्यातली पितळी घंटा आधी काढायची, नाहीतर काळी पडते. डोळ्यांच्या कडांना पेट्रोलियम जेली, स्पंजाने डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि नंतर धुवायचं नाही. हातमोजे हवेतच. गोठा धुवायचं ॲसिड याच्या जवळपासही नको, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

पावसात हे वाटलं त्याहून जड गेलं. भिजलेलं वासरू दुपारपर्यंत वाळत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात सर्वांत लहान, अडीच महिन्यांचं वासरू खोकायला लागलं. त्यापुढे त्याच्यापुरतं अख्ख्या अंगाऐवजी फक्त चट्टे आणि भोवतीची वीतभर जागा पुसायची, कोमट पाणी वापरायचं आणि लगेच गोणपाटाने कोरडं करायचं असं ठरलं. चाचणीच्या दृष्टीने हा नियमभंग, आणि तसाच तो नोंदवला. वासरू वाचवणं आधी.

गोठ्याचं काम हाच खरा कस होता. चिऱ्याच्या भोकांत केस आणि कोंडा अडकतो. आधी तारेच्या ब्रशने खरवडलं, मग साबणाच्या पाण्याने धुतलं आणि त्यानंतरच अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पाच टक्क्यांच्या द्रावणाच्या एका भागाला नऊ भाग पाणी. शेण असलेल्या जागी हायपोक्लोराइट शेणावरच खर्ची पडतं, बुरशीपर्यंत पोचत नाही. शेवटी चुन्याचा हात. खुंटे लाकडी होते. ते बदलायला सांगितलं होतं, पण “भात लावणी आटपल्यावर” असं ठरून तसेच राहिले. जुना खरारा जाळला आणि दोन गटांना दोन नवे दिले.

नमुन्यांचा घोळ आणि गणपती

दुसऱ्या आठवड्याच्या नमुन्यांनी कोडं घातलं. गंधकाच्या गटात थेंबाखाली सहाही वासरांच्या केसांवर बीजाणू दिसत होते, पण माध्यमावर पाचांची वाढच नाही. वरवर पाहता गंधकाचा दणदणीत विजय. मात्र नमुने घेतले होते स्पंज फिरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. केसांवरचं गंधक केसांसोबत बशीत गेलं आणि तिथेही बुरशीला दाबत राहिलं, ही शक्यता मोठी होती. बीजाणू दिसतात ते मेलेले असूही शकतात, पण मेलेले की दाबलेले हे या नमुन्यावरून ठरणार नव्हतं. तो सगळा निकाल बाजूला ठेवला.

करंजेलाच्या गटात उलटी गंमत. तेलाचे गोल थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंसारखेच दिसतात. एका पट्टीवर “भरपूर बीजाणू” अशी नोंद झाली होती. स्पिरिटने धुऊन पुन्हा पाहिल्यावर त्यांतले निम्मे गायब झाले. फरक सांगायचा तर बीजाणू माळेत, एका मापाचे आणि केसाला धरून असतात. तेलाचे थेंब लहान-मोठे, कुठेही तरंगणारे.

पाचवा आठवडा संपल्यावर दोन दिवसांनी अखेरचे नमुने घ्यायचे होते. तोवर गणपती आले. गडी गावी, दवाखान्यात अर्धे लोक रजेवर, मालकाच्या घरी पाहुणे. नमुने अकरा दिवसांनी घेतले गेले, आणि त्या अकरा दिवसांत कुणीही काहीही लावलं नव्हतं. बेत चुकला म्हणून हळहळ झाली होती. प्रत्यक्षात हाच विराम हवा होता, अंगावरचं औषध झडायला. या वेळी प्रत्येक वासरासाठी नवा टूथब्रश घेऊन तो दोन-तीन मिनिटं अख्ख्या अंगावर फिरवला आणि त्याचे दाते थेट माध्यमावर टोचले. फक्त बऱ्या झालेल्या चट्ट्यातून केस उपटले तर बाकीच्या अंगावरची बुरशी निसटते.

निष्पत्ती

डोळ्यांना दोन्ही गट सारखेच दिसत होते. गंधकाच्या सहांपैकी पाच आणि करंजेलाच्या सहांपैकी पाच वासरांचे चट्टे केसांनी भरत आले होते. मालकाने तिथेच निकाल लावला: “सारखाच तर आहे, डॉक्टर.”

महिन्याने बशा बोलल्या. गंधकाच्या सहांपैकी पाच वासरांवर वाढ नाही, करंजेलाच्या सहांपैकी दोघांवरच नाही. म्हणजे करंजेलाच्या गटात केस आलेल्या पाचांपैकी निदान तिघांच्या अंगावर जिवंत बुरशी होती. पंधरा दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या खेपेत गंधकाचा आकडा पाचच राहिला आणि करंजेलाचा चारवर आला. भात कापणीनंतर, नोव्हेंबरात, बाराही वासरं स्वच्छ निघाली.

याचा अर्थ काढताना हात आखडता घ्यावा लागतो. सहात पाच विरुद्ध सहात दोन, एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता, जोड्या बाजूला ठेवून साधा हिशेब केला तर, चारांत एक इतकी निघते. त्यात गंधकाच्या गटाला ऊन होतं. आणि बिनऔषधी गट नसल्याने करंजेलाने काही केलं की ते नुसतं बसून होतं, हे सांगताच येत नाही. शेजारच्या वाडीतल्या चार वासरांना कुणी काही लावलं नव्हतं. त्यांतल्या तिघांचे केस सप्टेंबरच्या मध्याला परत आले होते. ती चाचणीत नव्हती, वयं वेगळी होती, पण त्यांच्याकडे पाहिलं की “करंजेलाने बरी झाली” असं म्हणायला जीभ रेटत नाही. करंजेल खपल्या मऊ करतं, वासरू शांत उभं राहतं, कातडी फाटत नाही. तेवढं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

निकाल हाती यायच्या आधी एक गोष्ट घडली होती. करंजेलाच्या गटातली एक पाडी, केस पूर्ण आलेली, देखणी, मालकाने बहिणीकडे पाठवली. दोन चाचण्या रिकाम्या आल्याशिवाय वासरू हलवायचं नाही असं कागदावर होतं, पण सणात माणसं आली आणि रिकामा टेम्पो परत जात होता. महिन्याभरात तिथल्या दोन वासरांच्या डोळ्यांभोवती चट्टे उठले. पाडीपासूनच लागण झाली हे सिद्ध होत नाही. तिची बशी मात्र भरलेली होती.

धारा काढणाऱ्या बाईंच्या हातावर लाल, सुजलेला, पू धरलेला चट्टा आला. गुरांची बुरशी माणसाला असाच जोरकस दाह देते. त्यांनी दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणलं होतं. त्याने लाली उतरली आणि चट्टा पसरला. ते बंद करून त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी दिली: “गोठ्यात नायटा, बुरशी ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम.” ही चिठ्ठी महत्त्वाची. भारतात सध्या माणसांत पसरलेल्या, टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनीपेक्षा ही बुरशी वेगळी आहे, आणि उपचार ठरवताना डॉक्टरांना तो फरक माहीत असलेला बरा.

काय वेगळं करता आलं असतं

बिनऔषधी गटाऐवजी “उशिरा औषध” असा गट मालकाला पटवता आला असता: खपल्या साफ करायच्या, वासरं दूर बांधायची आणि औषध तीन आठवड्यांनी सुरू करायचं. शेजारच्या वाडीतली चार वासरं पहिल्या दिवसापासून मोजणीत घेतली असती आणि आणखी दोन गोठे मिळाले असते, तर प्रत्येक गटात दहा-बारा वासरं झाली असती. एका गोठ्यातल्या बारा वासरांवर दोन औषधांचा निवाडा होत नाही. त्यातून फार तर पुढची चाचणी कशी करावी हे कळतं.

गटांच्या जागा मध्यावर अदलाबदल करायला हव्या होत्या, किंवा दोन्ही गट पडवीतच, मधे रिकामा खुंटा सोडून. पहिल्याच नमुन्यासोबत प्रयोगशाळेला “गुरांचा नायटा, ३७ अंश, थायमिन, चार आठवडे” असं लिहून द्यायला हवं होतं. दोन आठवडे तिथेच गेले. लावणं आणि नमुना घेणं यांत निदान आठवडाभर अंतर, हे गणपतीवर न सोडता आधीच ठरवायला हवं होतं. आणि घाटावरून आणलेलं वासरू महिनाभर वेगळं बांधलं असतं तर यातलं बरंच काही घडलंच नसतं. गुरांसाठी नायट्याची लस आहे. सोव्हिएत संघात ती निघाली आणि नॉर्वेने तिच्या जोरावर नायटा मोठ्या प्रमाणात हटवला. या गोठ्याच्या आवाक्यात ती नव्हती. वेगळं बांधणं होतं.

पुढच्या जुलैत त्या गोठ्यात नव्या वासरांपैकी दोघांवर चट्टे आले. बाहेरून एकही जनावर आणलेलं नव्हतं. भिंती, खरारे आणि खुंटे, सगळ्यांवर नवे टूथब्रश फिरवून माध्यमावर टोचले. भिंतींवर काही नाही, खरारे स्वच्छ. न बदललेल्या पाच खुंट्यांपैकी दोनांवर तिसऱ्या आठवड्यात त्याच पांढऱ्या, उंचवट्याच्या वसाहती आल्या.